घरी की घरून?

वडील निवृत्त झाले त्या वर्षी घरात एक शब्द आला आणि महिनाभर जेवणाच्या टेबलावर मुक्काम ठोकून बसला: अंशराशीकरण. पेन्शनच्या कागदांत तो होता. दरमहा मिळणाऱ्या पेन्शनचा काही भाग सोडून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. कचेरीत हा शब्द कुणी तोंडाने उच्चारत नाही. ‘कम्युटेशन घेतलं का?’ असं विचारतात, आणि जुने लोक त्याहून सरळ, ‘पेन्शन किती विकली?’ असं. कागदोपत्री मात्र त्याच्यावाचून चालत नाही. राज्य सरकारच्या १९८४च्या नियमांच्या नावातच तो बसवलेला आहे.

पुढे लक्षात आलं की फाशीची जन्मठेप होते तेव्हा इंग्रजी बातमीत जे क्रियापद येतं तेही या कम्युटेशनच्याच कुळातलं. आणि लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला इंग्रजी पेपर ज्या नावाने ओळखतात, तो कम्युटरही याच घरचा. मूळ लॅटिन धातूचा अर्थ अदलाबदल. १८४०च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या रोज शहरात कामाला येणाऱ्यांना एक सवलतीचं तिकीट देऊ लागल्या. रोजच्या सुट्या भाड्यांच्या बदल्यात एकदाच भरायची कमी रक्कम, म्हणून ते ‘कम्युटेशन तिकीट’. आपल्या भाषेत पास. पुढच्या वीसेक वर्षांत तो पास खिशात बाळगणारा माणूस कम्युटर झाला. म्हणजे या शब्दात मुळात प्रवास नव्हताच, होती ती सवलत. वापरता वापरता सवलत झिजली आणि धक्के तेवढे उरले.

मराठीने पास उचलला, पासधारक घडवला, पण रोज ये-जा करणाऱ्याला वेगळं नाव काही दिलं नाही. लोणावळ्याहून पुण्याला नोकरीसाठी जाणारा माणूस आजही ‘अप-डाऊन करतो’ म्हणतो. माणसाच्या वाट्याला रेल्वेची भाषा आली, आणि ती पुरली.

ही एवढी वंशावळ सांगायचं कारण असं, की घरून काम करण्याला इंग्रजीत जे पहिलं नावाजलेलं नाव मिळालं ते या कम्युटरला ‘टेलि’ जोडून केलेलं होतं: टेलिकम्युटिंग. दुरून ये-जा. नीट पाहा, या शब्दात घर कुठेच नाही.

तो घडवला जॅक निल्स या माणसाने, १९७३ साली, लॉस एंजलिसमध्ये. निल्स मूळचे अवकाशयानांच्या क्षेत्रातले. तुम्ही लोक माणसाला चंद्रावर पाठवता, मग रस्त्यावरची गर्दी का कमी करू शकत नाही, असा प्रश्न एका नगरनियोजकाने आपल्याला विचारला आणि तो डोक्यातून जाईना, अशी हकिकत ते सांगत आले आहेत. त्या प्रश्नापायी ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने पैसे दिले आणि एक विमा कंपनी प्रयोगाला तयार झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. पेट्रोल पंपांवर मैल मैल रांगा लागलेल्या असताना ‘प्रवास न करता कामावर जा’ म्हणणारा माणूस कुणाला वेडा वाटला नसेल.

पण या प्रयोगात काम घरून झालं नव्हतं. कंपनीचं मुख्यालय शहराच्या मध्यात होतं. कारकून दूर दूर राहायचे, दमायचे आणि नोकरी सोडून जायचे. निल्स यांनी त्यांच्यासाठी उपनगरांत छोटी कार्यालयं काढायला लावली. माणसाने आपल्या घराजवळच्या कार्यालयात जायचं, तिथल्या लहान संगणकात माहिती भरायची, आणि रात्री ती सगळी माहिती मुख्यालयातल्या अजस्र संगणकाकडे पाठवायची. प्रत्येकाच्या घरात टर्मिनल बसवून दिवसभर टेलिफोनची लाइन अडवून ठेवणं तेव्हा परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा टेलिकम्युटिंगचा पहिला अर्थ ‘घरी बसून काम’ असा नसून ‘जवळच्या ऑफिसात जाऊन काम’ असा होता. ठाण्याच्या माणसाने नरिमन पॉइंटऐवजी ठाण्यातल्याच शाखेत बसावं, तसं.

प्रयोग यशस्वी झाला, आणि कंपनीने तो गुंडाळला. का, ते निल्स यांनीच नंतर सांगितलं आहे: व्यवस्थापनाला भीती वाटली की अशा विखुरलेल्या छोट्या कार्यालयांत कामगार संघटना सहज शिरतील. पुढे निल्स एका कामगार संघटनेच्या माणसाकडे गेले. त्याला नेमकी उलटी भीती: माणसं अशी विखुरली तर आम्ही त्यांना गाठायचं कुठे? या विषयावर पन्नास वर्षांत जे काही बोललं गेलं आहे, त्यातलं बरंचसं या दोन भीतींच्या पोटातलंच आहे, असं मला वाटतं. १९७६ साली निल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं पुस्तक आलं. त्याच्या नावातही घर नव्हतं. दळणवळणाची साधनं विरुद्ध वाहतूक, असा त्यातला सौदा होता.

घर आलं ते दुसऱ्या तेलटंचाईत. इराणच्या क्रांतीनंतर, सप्टेंबर १९७९मध्ये, फ्रँक शिफ या अर्थतज्ज्ञाने ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहिला. घरून काम केल्याने पेट्रोल वाचेल, असं त्याचं मथळ्यातच म्हणणं होतं. त्यांनी एक नवा शब्दही काढला होता, ‘फ्लेक्सिप्लेस’. तो सरकारी कागदांत काही वर्षं जगला आणि गेला. मथळ्यातले साधे तीन शब्द मात्र टिकले. पुढच्याच वर्षी आल्विन टॉफलर यांनी ‘द थर्ड वेव्ह’मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक कॉटेज’ची कल्पना मांडली: यंत्रयुगाने घरातून उचलून कारखान्यात नेलेलं काम संगणकाच्या तारेवरून पुन्हा घरी येणार. कॉटेज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं. टॉफलर यांच्या मनात मात्र ‘कॉटेज इंडस्ट्री’ होती, म्हणजे आपला कुटिरोद्योग. जुन्या काळी त्या झोपडीत काय चालायचं, याची त्यांनी जरा रम्यच कल्पना केली होती.

शब्दाआधी वस्तू अस्तित्वात असते, याचा पुरावा इंग्लंडात होता. स्टेफनी शर्ली लहानपणी नाझींच्या तावडीतून सुटून इंग्लंडला पोचलेली मुलगी. १९६२ साली त्यांनी सहा पौंड भांडवलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ नावाची कंपनी काढली. लग्न आणि मुलं झाली म्हणून नोकरी सोडाव्या लागलेल्या संगणक जाणणाऱ्या बाया त्यांनी हेरल्या. पहिल्या तीनशे माणसांत पुरुष तिघेच. बाईच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना कुणी उत्तर देईना, तेव्हा नवऱ्याच्या सल्ल्याने त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या, आणि उत्तरं येऊ लागली. या बायांच्या घरात संगणक नव्हते. हवं होतं ते टेलिफोनचं कनेक्शन. कागद-पेन्सिल घेऊन प्रोग्रॅम लिहायचा, मनातल्या मनात तपासायचा आणि पाठवून द्यायचा. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं काम असं घराघरांत बसून झालं. गिऱ्हाइकाचा फोन आला की शर्ली टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप मागे लावायच्या. घरातला आवाज ऐकू जाऊ नये आणि पलीकडच्याला मोठं ऑफिस वाटावं, म्हणून. आज आपण मिटिंगमध्ये पाठीमागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र लावतो, तेव्हा ती टेप मला हमखास आठवते.

आता खरी गंमत. घरी बसून मोबदल्यासाठी केलेल्या कामाला इंग्रजीत जुना, रुळलेला, सुटसुटीत शब्द होता: होमवर्क. सतराव्या शतकापासून तो याच अर्थाने आहे. शाळेतल्या पोरांच्या दप्तरात तो फार नंतर शिरला. मराठीने ‘गृहपाठ’ केला तो या नंतरच्या अर्थाचा. मग १९७३ साली नवा शब्द कशाला घडवावा लागला?

कारण जुन्या शब्दाला वास येत होता. न्यूयॉर्कमधल्या चाळवजा इमारतींत, एकेका खोलीत, अख्खी कुटुंबं सिगार वळत. थिओडोर रुझवेल्ट तेव्हा राज्याच्या विधिमंडळात तरुण आमदार होते. त्यांनी अशा खोल्या स्वतः जाऊन पाहिल्या. तंबाखूचा ढीग, अंथरूण आणि ताटातलं अन्न सगळं एकाच जागी. या कामावर बंदी घालणारा कायदा झाला. जानेवारी १८८५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जेकब्स नावाच्या सिगार वळणाऱ्याच्या खटल्यात तो रद्द केला. माणसाला त्याच्या घराच्या पवित्र वातावरणातून आणि चांगल्या संस्कारांतून ओढून बाहेर काढल्याने त्याचं आरोग्य किंवा नीतिमत्ता कशी सुधारणार, हे न्यायमूर्तींना कळेना. घर या शब्दावर आजवर जे निबंध झाले असतील त्यांत या निकालाला वरचा नंबर द्यायला हरकत नाही. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकेने कपडे शिवणं, विणकाम, भरतकाम, हातमोजे, बटणं अशा सात धंद्यांत होमवर्कवर बंदी घातली. घरात किमान वेतन आणि कामाचे तास तपासायला कुणी जाऊ शकत नाही, हे त्यामागचं कारण.

मग १९८०च्या दशकात दोन्ही शब्द समोरासमोर आले. घरी टर्मिनल लावून विम्याचे अर्ज भरणारी बाई कोण? कंपन्या म्हणाल्या, टेलिकम्युटर. अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या महासंघाने १९८३ साली ठराव केला आणि या कामाला ‘संगणकावरचं होमवर्क’ म्हणत त्यावर बंदी मागितली. बाई तीच, काम तेच. एका शब्दात ती गाडीतून उतरून मोकळी झालेली, दुसऱ्यात ती पुन्हा सिगारच्या खोलीत गेलेली. रेगन सरकारने १९८४मध्ये विणकामावरची बंदी उठवली, संगणकावर ती कधी आलीच नाही. शब्दांची लढाई टेलिकम्युटिंगने जिंकली. ती जिंकून तो शब्दही थकला, हा भाग वेगळा. सरकारांनी आणि युरोपने ‘टेलिवर्क’ पसंत केला. अमेरिकेत २०१०मध्ये त्या नावाचा कायदा झाला. लोकांनी दोन्ही बाजूला ठेवून साधं ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणायला सुरुवात केली.

दोन कामांमधली भिंत आंतरराष्ट्रीय कायद्यानेही बांधून ठेवली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६चा गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे की जो मुळात नोकरदार आहे, त्याने अधूनमधून ऑफिसचं काम घरी केलं म्हणून तो गृहकामगार होत नाही. वाक्य कोरडं आहे, पण लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याने आपली जागा ओळखायची असेल तर पुरेसं आहे.

खरा गृहकामगार पाहायचा तर सोलापूरला जा. पूर्व भागात दुपारी कुठल्याही गल्लीत शिरलात तर उंबऱ्याशी, उजेड येईल अशा बेताने, बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली दिसेल. सुपात जर्दा. बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, कारण पान कोरडं पडलं की वळताना फाटतं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने मापाचा काप काढायचा, चिमूटभर जर्दा पसरायचा, अंगठ्याने वळायचं, टोक आत मुडपायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. हात चालत असतात आणि नजर चुलीवर, पोरावर, रस्त्यावर. हिशेब हजाराचा. दुसऱ्या दिवशी विड्या कारखान्यात न्यायच्या, मोजून द्यायच्या, नापास झालेल्या सोसायच्या, नवी पानं आणि जर्दा घेऊन यायचा. कारखाना म्हणतात त्याला, पण तिथे विडी वळली जात नाही, मोजली जाते.

या बाईला १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने नाव दिलेलं होतं: ‘होम-वर्कर’. मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणारी व्यक्तीही कामगारच, असं त्या कायद्याच्या व्याख्येत होतं. लॉस एंजलिसच्या प्रयोगाच्या सात वर्षं आधीची ही गोष्ट. पुढे सोलापूरजवळ कुंभारीला याच बायांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६मध्ये तिचं हस्तांतरण झालं. सरकारी कागदावर ती गृहनिर्माण योजना. पण विडी वळणारीला घर मिळणं म्हणजे कामाची जागाही मिळणं, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

मुंबईत गिरगावात १९५९ साली सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जतची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सकाळी भिजवलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, परत आणून द्यायचं. तिथे बाया मालकीण म्हणून भागीदार, हा मोठा फरक. पण त्या कामालाही कुणी वर्क फ्रॉम होम म्हटलं नाही. ‘गृहउद्योग’ म्हटलं.

इथे मराठी व्याकरण माझ्या मदतीला येतं. सोलापूरची बाई ‘घरी विड्या वळते’. ‘घरून विड्या वळते’ असं कुणी म्हणणार नाही, कानाला ते खटकतं. हिंजवडीतला मुलगा मात्र ‘घरून काम करतो’. तो ‘घरी काम करतो’ म्हणाला तर भांडी घासतो की काय, असा प्रश्न पडेल. ‘घरी’ ही सप्तमी, वस्तू जिथे आहे तिथेच. ‘घरून’ ही पंचमी, म्हणजे अपादान, काहीतरी तिथून सुटून दुसरीकडे जायला हवं. घरून बोलतो, घरून पाठवतो, घरून निघतो. ‘घरून काम’ म्हणताना कामाचं खरं गाव दुसरीकडे आहे, हे आपण आधीच कबूल केलेलं असतं. माणूस घरात असतो, पण ऑफिसातून बाहेर असतो. इंग्रजीतला तो बारीक ‘फ्रॉम’ हेच सांगतो, फक्त त्याच्याकडे कुणी बघत नाही. आपल्याकडे ते प्रत्ययातच ऐकू येतं.

आणखी एक नातेवाईक आहे, जरा बदनाम: ‘घरबसल्या’. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती आठवा. घरबसल्या पॅकिंगचं काम, घरबसल्या कमवा, खाली मोबाइल नंबर. ‘घरबशा’ या शिवीचा तो सख्खा भाऊ असल्यामुळेच बहुधा चांगल्या कंपनीच्या एचआरने तो कधी हाती धरला नाही.

भारताच्या कायद्यात ‘वर्क फ्रॉम होम’ हे शब्द आले तेही बाळंतिणीच्या मागून. २०१७च्या प्रसूती लाभ दुरुस्तीत म्हटलं होतं की काम तशा स्वरूपाचं असेल तर रजा संपल्यावर, मालकाने आणि त्या बाईने आपसांत ठरवल्यास, तिला घरून काम करता येईल. कॉल सेंटरांची गोष्ट वेगळी. ती दूरसंचार खात्याच्या नियमांखाली येत. घरी बसलेला माणूस हा कॉल सेंटरचाच लांबवलेला हात मानला जाई आणि त्यासाठी कंपनीला अनामत आणि खास जोडणी लागे. मार्च २०२०मध्ये या अटी घाईघाईने सैल कराव्या लागल्या, नोव्हेंबरात नियमच बदलले, आणि घराच्या जागी ‘एनीव्हेअर’ आलं. विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कंपन्यांना मात्र रीतसर नियमासाठी जुलै २०२२पर्यंत थांबावं लागलं. त्या क्षेत्रात करमुक्त आणलेला लॅपटॉप फाटकाबाहेर नेणं हाच मुळात सीमाशुल्काचा प्रश्न होता. नव्या नियमाने आधी निम्म्या कर्मचाऱ्यांना आणि वर्षभरासाठी परवानगी दिली, मग ती सैल होत गेली. हिंजवडीत बसणाऱ्या कित्येकांच्या घरातलं डायनिंग टेबल अशा रीतीने एका कस्टम नियमाच्या कक्षेत येऊन गेलं.

ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने एप्रिल २०२०च्या खास भरतीत डब्ल्यूएफएच ही तीन अक्षरांची मोळीही आत घेतली. मराठीने त्याआधीच अख्खं ‘वर्क फ्रॉम होम’ उचलून त्याचं एक नाम करून टाकलं होतं, नपुंसकलिंगी. आमचं वर्क फ्रॉम होम आहे. या आठवड्यात दोन दिवस वर्क फ्रॉम होम मिळालं. शुक्रवारी टाकलंय. सगळी क्रियापदं रजेची. रजा मिळते, टाकतात, संपते, नाकारतात, तसंच हेही. आठ तासांचे दहा तास काम करूनही माणूस ते सुट्टीसारखं ‘घेतो’. आणि या नामातलं ‘होम’ इतकं निर्जीव झालंय की गेल्या गणपतीत माझा एक भाचा सहज म्हणाला, ‘मी कुडाळहून वर्क फ्रॉम होम करतोय.’ त्याचं घर कोथरूडला आहे. आपण काही चुकीचं बोललो असं त्याला वाटलं नाही, ऐकणाऱ्या कुणालाच वाटलं नाही.

आमच्याकडे अकरा वाजता कामाला मावशी येतात. सोमवार-मंगळवारी नवरा घरी असतो, हॉलमध्ये, कानात हेडफोन. चपला काढता काढता त्या आधी हळूच आत डोकावतात आणि मग स्वयंपाकघरात येऊन विचारतात, ‘वहिनी, आज दादांचं वर्क फ्रॉम होम हाय का?’ मी मान हलवली की म्हणतात, ‘मग भांडी आधी घेते. हॉलचं त्यांचं झाल्यावर बघू.’ आणि नळ जरा बारीक सोडतात.